काडीचं देणंघेणं

द्राक्षाचं बी कुणी पेरत नाही. पेरलं तर आईसारखं फळ येईल याचा भरवसा नाही, आणि आमच्या बिनबियांच्या जातीत पेरायला बीच नाही. त्यामुळं आज सांगली, सोलापूर, नाशिककडं जेवढ्या बागा दिसतात, त्या सगळ्या कुणाच्या तरी बागेतून कापून आणलेल्या काडीवर उभ्या आहेत. बागांविषयी लिहिणारे भाव, निर्यात, औषधं यांचं लिहितात. काडी कुठनं आली हे कुणी लिहीत नाही.

आपल्याकडं द्राक्ष काही काल आलेलं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, त्यानं तिथल्या द्राक्षांची नोंद केलीय आणि पीक वर्षातून दोनदा येतं असंही लिहिलंय. पुढं नाशिक-पुण्याकडं भोकरी, फकडी या जाती होत्या. तेव्हा तारेचे मांडव नव्हते. पांगाऱ्याची फांदी रोवायची, ती फुटली की तिच्या आधारानं द्राक्ष चढवायचं. म्हणजे पीकही काडीचं आणि आधारही काडीचाच! पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमांनी निवड करून चीमा साहेबी दिली, हैदराबादकडनं अनाबेशाही आली, आणि मग बिनबियांच्या थॉमसननं सगळ्यांना मागं टाकलं.

मी दहावी झालो तेव्हा मॅट्रिकची अकरावी नुकतीच बंद झाली होती आणि आमच्या तासगाव भागात थॉमसनच्या बागा वाढत होत्या. पुढं शिकायचं नव्हतं, बाग लावायची होती. हिशेब बघा. दहा बाय सहा फुटांवर लावलं तर एकरात 726 खड्डे. सगळ्या काड्या मुळ्या धरत नाहीत, म्हणून एका खड्ड्यात चार काड्या लावायच्या आणि जोमदार एक ठेवायची. म्हणजे जवळजवळ तीन हजार काड्या. नर्सरीवाला काडीला पैसे मोजून घ्यायचा, आणि आमचे पैसे तर खांब आणि तारेलाच पुरत नव्हते.

मग वाट एकच. ऑक्टोबरात छाटणी होते, तेव्हा बागेत काड्यांचा खच पडतो. ज्याची बाग चांगली त्याच्याकडं छाटणीला जायचं, दोन-चार दिवस राबायचं आणि काड्या घेऊन यायचं. पैऱ्यासारखंच हे. माझे थोरले मामा सावळजचे. ते म्हणाले, "आरं भाच्या, पैसं नगंत मला. पर तुज्या बागंत उद्या कुणी आला तर त्याला न्हाई म्हणायचं न्हाई." शंभर-शंभराच्या जुड्या बांधल्या, ओल्या पोत्यात गुंडाळल्या आणि एस.टी.च्या टपावर टाकून आणल्या.

पण फुकट काडी म्हणजे पडलेली कुठलीही काडी नव्हे. फेब्रुवारी-मार्चात माल लागलेला असताना झाडं बघायची, चांगल्या झाडाला चिंधी बांधायची आणि ऑक्टोबरात त्याचीच काडी काढायची. पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची. कापल्यावर आतला गाभा तपकिरी पाहिजे. हिरवट-पांढरा असला तर काडी कच्ची. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ, वरचा तिरका, म्हणजे लावताना उलटी लागत नाही. आमच्या एका पाहुण्यानं रस्त्याकडेला पडलेल्या ढिगातनं काड्या उचलल्या होत्या. पहिलं पीक आलं तेव्हा एकाच ओळीत तीन तऱ्हेचे मणी! व्यापारी बागेत शिरला आणि तसाच माघारी गेला.

या देण्याघेण्यातनंच मोठं काम झालं. बोरगावच्या वसंतराव आर्वेंना थॉमसनमध्ये वेगळा फुटवा दिसला, त्यांनी तो जपला आणि त्यातनं लांबट मण्यांची तास-ए-गणेश आली. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळेंनी सोनाका दिली. हे दोघंही आपल्यासारखे शेतकरी. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर प्रयोग परिवारातनं शेतकऱ्यांना पत्रानं एकमेकांशी जोडत होते. पत्रातनं माहिती यायची, पिशवीतनं काडी.

पुढं पाणी आटलं, विहिरी खारवट झाल्या, आणि स्वतःच्या मुळावरच्या बागा बसायला लागल्या. तेव्हा डॉगरिज आली. मूळची अमेरिकेतल्या टेक्सासची रानवेल, तिचं मूळ चिवट. आता खाली डॉगरिज, वर आपली जात. म्हणजे एका काडीच्या जागी दोन आल्या आणि खर्च वाढला. तयार रोपं घेतली तर पाकीट रिकामं होतं. मी बांधाच्या कडेला डॉगरिजची चार झाडं ठेवलीत. त्यांच्या काड्या पिशवीत रुजवतो, शेतात लावतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाचर कलम करणारी टोळी बोलावतो. कलमाची मजुरी द्यावी लागते, ती चुकत नाही. काडीचा खर्च मात्र नाही.

अलीकडं नवं सुरू झालंय. परदेशी जाती करारानं येतात. झाड लावायला पैसे, वर रॉयल्टी, आणि काडी कुणाला द्यायची नाही. ज्यानं जात काढली त्याला मोबदला मिळावा, हे मला पटतं. आर्वे, काळे यांना काडीमागं काय मिळालं? पण 2001 च्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणं राखायचा, देवाणघेवाणीचा हक्क लिहिलाय, आणि करारावर सही करताना ते कुणाच्या ध्यानात नसतं. माझ्या पुतण्यानं असाच करार केलाय. बाग देखणी आहे. छाटणी झाली की सगळ्या काड्या यंत्रात घालून भुगा करतो. पलीकडच्या बांधावरचा त्याचा मावसभाऊ दोन जुड्या मागायला आला, तर त्याला नाही म्हणताना पोराची मान खाली गेली होती.

माझी तास-ए-गणेशची अर्धा एकर जुनी बाग अजून आहे. भाव नव्या जातींसारखा मिळत नाही, पोरगा काढून टाका म्हणतो. यंदा जत तालुक्यातली दोन पोरं मार्चात येऊन झाडं बघून गेलीत. सव्वीस झाडांना चिंध्या बांधल्यात त्यांनी. छाटणीला येतो म्हणालेत, पोती घेऊन.