दही-फळांचे पेय : वर्ध्यातील आहारप्रयोगांचा इतिहास

पिकलेली फळे दह्यात कुस्करून वा घुसळून केलेले दाट, पोषक पेय. ते पातळ असल्यास पितात व घट्ट असल्यास चमच्याने खातात, त्यामुळे पेय व खाद्य यांच्या सीमेवरचा हा पदार्थ होय. अलीकडे शहरांत तो विद्युत् यंत्राच्या साहाय्याने करतात व परदेशी नावाने विकतात. त्यामुळे तो सर्वस्वी नवा आहे, असा समज रूढ झाला आहे. तथापि दही, फळे, गूळ व मध यांचा रोजच्या आहारातील मेळ कसा असावा, याचा पद्धतशीर विचार वर्धा जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत झाला. हा विचार चवीसाठी नव्हता. खेड्यातील माणसाला थोड्या खर्चात पुरेसे पोषण कसे मिळेल, हा त्यामागील प्रश्न होता.

दही गाळून त्यात साखर व सुगंधी द्रव्ये मिसळण्याची रीत जुनी आहे. संस्कृत वाङ्‌मयात या पदार्थास ‘रसाला’ किंवा ‘शिखरिणी’ असे म्हटले आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात शिखरिणीचा उल्लेख आहे. मराठीतील ‘शिकरण’ हा शब्द याच शिखरिणीपासून आला. मात्र शब्द टिकला आणि पदार्थ बदलला : मुळातील दही गेले, त्याच्या जागी दूध आले आणि त्यात केळे पडले. गाळलेल्या दह्याची परंपरा श्रीखंडाच्या रूपाने वेगळी चालत राहिली. श्रीखंड ताकात पातळ करून केलेले पीयूष ही तिचीच एक शाखा होय. म्हणजे फळ दुधात आणि साखर दह्यात, अशी विभागणी मराठी स्वयंपाकघराने केली. पुढे आलेले आम्रखंड हा या नियमाचा ठळक अपवाद.

या विभागणीमागे वैद्यकशास्त्राचा धाकही होता. आयुर्वेदात विरुद्धाहाराची कल्पना आहे. चरकसंहितेत आंबट फळे दुधाबरोबर वर्ज्य सांगितली आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात केळे हे ताक वा दही यांबरोबर घेऊ नये, असे म्हटले आहे. दही रात्री खाऊ नये, तसेच ते तूप, साखर, मध, मुगाचे वरण किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड दिल्याशिवाय खाऊ नये, असाही चरकसंहितेचा निर्देश आहे. दुधात आंबट फळ घातल्यास ते नासते, ही गोष्ट कोणासही प्रत्यक्ष दिसते. केळे व दही यांबाबतच्या निषेधाला मात्र आधुनिक आहारशास्त्रात तसा आधार सापडत नाही. तरीही जुन्या पिढीतील कित्येक घरांत तो आजही पाळला जातो. ज्या घरात दही-केळ्याला नकार मिळतो, त्याच घरात दूध-केळ्याचे शिकरण आवडीने खाल्ले जाते, ही विसंगती मोठी गमतीची आहे. कारण दूध-केळ्याच्या मिश्रणावरही अनेक वैद्य आक्षेप घेतात.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. कापसाचा मुलूख अशीच त्याची मुख्य ओळख. जिल्ह्याच्या उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. सेलूचा परिसर एके काळी केळीसाठी ओळखला जाई. याच उत्तर भागात ‘गवळाऊ’ ही गायीबैलांची जात पोसली गेली. नंद गवळी समाजाने ती जोपासली. पांढऱ्या वा राखी रंगाची, हलक्या बांध्याची व चपळ अशी ही जनावरे असून मराठ्यांच्या फौजांत जलद वाहतुकीसाठी त्यांचा उपयोग होत असे, असे सांगतात. बैल उत्तम, पण गाय दुधाला बेताची : एका वेतात सु. ६०० किग्रॅ. दूध, म्हणजे दिवसाला सरासरी दोन ते अडीच लिटर. वासराचा वाटा काढल्यावर घरात किती उरणार? वर्ध्यातील गोरसाच्या सर्व योजनांना प्रथम या आकड्याला तोंड द्यावे लागले.

म. गांधी सप्टेंबर १९३३ मध्ये वर्ध्यास आले. त्यापूर्वीच जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा भावे यांनी १९२१ मध्ये येथे आश्रम चालविण्यास घेतला होता. गांधींच्या आहारविषयक प्रयोगांना तोवर चार दशकांचा इतिहास होता. दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये हेरमान कालेनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले व ते फलाहाराकडे वळले. १९१५ च्या हरद्वारच्या कुंभमेळ्याच्या वेळी त्यांनी भारतात असताना दिवसातून पाचांहून अधिक खाद्यवस्तू घ्यावयाच्या नाहीत, असे व्रत घेतले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना तीव्र आमांश झाला व प्रकृती अतिशय ढासळली. दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे मुंबईचे डॉ. दलाल यांनी सांगितले. व्रत गायी-म्हशींच्या दुधापुरतेच होते, शेळीचे दूध त्यात येत नाही, अशी वाट कस्तुरबांनी दाखविली. गांधींनी ती स्वीकारली, परंतु व्रताचा अर्थ आपण सोयीने लावला ही टोचणी त्यांना कायम राहिली व आत्मकथेत त्यांनी ती नमूद केली. दुधाच्या तोडीचा वनस्पतिज पदार्थ सापडावा, ही त्यांची इच्छा अखेरपर्यंत होती.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे ठाणे पडले व मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला ‘मगनवाडी’ हे नाव मिळाले. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ व मधमाशापालन हे संघाच्या कामाचे विषय असल्याने मगनवाडीचे स्वयंपाकघर आपोआपच प्रयोगशाळा बनले. तेथे सोयाबीन शिजवून पाहिले गेले, चिंच व कडुनिंबाची पाने यांचे प्रयोग झाले आणि १९३५ मधील हरिजन साप्ताहिकातून त्यांचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. सर्वच प्रयोग यशस्वी झाले असे नाही. कडुनिंबाच्या चटणीचा प्रसार आश्रमाच्या कुंपणाबाहेर फारसा झाला नाही, याचे आश्चर्य वाटावयास नको. एप्रिल १९३६ मध्ये गांधी शेगावला राहावयास गेले; १९४० मध्ये या गावाचे नाव ‘सेवाग्राम’ असे झाले.

या काळात जगातही आहारशास्त्राचा पाया घातला जात होता. स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्याने १९०५ मध्ये दह्यातील दंडाकार जंतूचे वर्णन केले होते. त्यानंतर एल्या म्येच्‌न्यिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने आंबवलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. दह्याने आयुष्य वाढते हे त्याचे मत जसेच्या तसे टिकले नाही. पण यूरोपात दह्याची मागणी वाढली ती त्यामुळेच. दक्षिणेत कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन व पुढे डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांचे व आहाराचे संशोधन केले. अशा संशोधनाने जीवनसत्त्वांची भाषा सुशिक्षितांच्या कानांवर पडू लागली होती.

आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत १९४२ मध्ये गांधींनी आरोग्याची किल्ली हे पुस्तक लिहिले. बैठे काम करणाऱ्या माणसासाठी त्यात दिलेल्या रोजच्या प्रमाणात गायीचे दूध दोन पौंड (सु. ९०० ग्रॅम), धान्य सहा औंस (सु. १७० ग्रॅम), भाज्या, तूप किंवा लोणी, गूळ वा साखर, दोन लिंबे आणि ऐपत व आवड यांनुसार ताजी फळे यांचा समावेश आहे. फळे त्या त्या ऋतूतील असावीत व ती सकाळी खावीत, न्याहारीस दूध व फळे एवढे पुरे. केळे हे पिष्टमय असल्याने भाकरीची जागा घेते व दूध, केळी आणि पालेभाज्या मिळून पूर्ण आहार होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. साय काढली तरी दुधातील प्रथिन कमी होत नाही, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. दही-फळांच्या पेयाची सगळी सामग्री या पानांवर आहे. फक्त ती एका भांड्यात घुसळण्याची कल्पना नाही, कारण स्वाद वाढविण्यासाठी मिश्रण करणे हेच गांधींच्या अस्वादव्रताच्या विरुद्ध होते.

परंतु दोन पौंड दूध आणावयाचे कोठून? गवळाऊ गायीच्या एका दिवसाच्या दुधाचा सु. दोन पंचमांश भाग एका माणसाच्या या प्रमाणातच संपतो. आहाराचा हिशेब मांडणाऱ्याला गोठ्याचा हिशेब टाळता येत नव्हता. ३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्धा येथे गोसेवा संघ स्थापन झाला व त्याचे काम जमनालाल बजाज यांनी अंगावर घेतले. नालवाडीजवळ गोपुरी येथे ते झोपडीत राहू लागले. केवळ गायीचेच दूध-तूप वापरण्याचे बंधन संघाच्या सदस्यांवर होते. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजींचे निधन झाले. त्यानंतर जानकीदेवी बजाज यांनी हे कार्य पुढे नेले. याच परंपरेत वर्ध्यात गोरस भांडार उभे राहिले. गायीच्या तुपात केलेला ‘गोरस पाक’ हा तेथील खुसखुशीत पदार्थ आज वर्ध्याची खूण मानला जातो.

गायीच्या दुधाच्या आग्रहात व्यावहारिक अडचण होती. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सु. ६ ते ७ टक्के, तर गायीच्या दुधात सु. ४ टक्के असतो. साहजिकच म्हशीचे दही कवडी पडेल इतके घट्ट लागते, गायीचे सैल. ग्राहकाला दाटपणा हवा असतो आणि भावही त्यालाच मिळतो. विदर्भात म्हशीची ‘नागपुरी’ ही जातही होतीच. गोसेवा संघाचा युक्तिवाद असा की, शेतीला बैल गायच देते. तेव्हा दुधासाठी म्हैस आणि बैलांसाठी गाय अशी दोन जनावरे पोसणे गरीब शेतकऱ्याला परवडत नाही व त्यात उपेक्षा गायीची होते. ट्रॅक्टर आल्यावर या युक्तिवादाचे बळ कमी झाले. मांडला गेला त्या काळात तो चुकीचा नव्हता. राज्यातील सहकारी दुग्धव्यवसाय पुढे पश्चिम महाराष्ट्रात फोफावला, विदर्भ मागे राहिला. गवळाऊ जातीच्या संवर्धनासाठी कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे शासकीय प्रक्षेत्र काढण्यात आले, तरी शुद्ध जातीच्या जनावरांची संख्या घटतच गेली.

गायीच्या सैल दह्याला दाटपणा आणण्याचे काम फळ करते, आणि या पेयाचे घरगुती महत्त्व येथेच आहे. दूध उकळून कोमट होऊ द्यावे व लिटरभर दुधास दोन लहान चमचे विरजण लावावे. वर्ध्याच्या उन्हाळ्यात, पारा ४५° से.च्या आसपास असताना, चार-पाच तासांत दही लागते व लगेच आंबटू लागते. थंडीत भांडे कापडात गुंडाळून रात्रभर ठेवावे लागते. मातीच्या भांड्यात पाणी झिरपून दही घट्ट होते. अधिक दाट हवे असल्यास ते फडक्यात बांधून तासभर टांगतात. मात्र निथळलेल्या पाण्याबरोबर ब गटातील काही जीवनसत्त्वे व खनिजे जातात, म्हणून ते टाकून न देता कणीक भिजविण्यास घ्यावे.

फळांत केळे सर्वांत सोयीचे. ते पिकताना त्यातील स्टार्चाची साखर होते, त्यामुळे सालीवर काळे ठिपके पडलेले केळे घेतल्यास वेगळी साखर लागत नाही आणि त्याच्या गराने पेयास दाटपणा येतो. संत्रे दुधात घातल्यास त्याच्या आम्लामुळे केसीन हे प्रथिन साकळते. दह्यात ते आधीच साकळलेले असल्याने ही अडचण उद्‌भवत नाही. संत्र्याच्या बिया व पांढरी साल काढाव्यात, नाही तर कडवटपणा येतो. पपई व अननस यांची गोष्ट निराळी आहे. पपईतील पपेन व अननसातील ब्रोमेलीन ही एंझाइमे दुधातील प्रथिनाचे विघटन करतात आणि मिश्रण थोड्या वेळाने कडू लागते. पूर्ण पिकलेल्या पपईत पपेन कमी असते, म्हणून ती चालते, पण पेय लगेच संपवावे. अननस घालावयाचा झाल्यास आधी शिजवून घ्यावा. उष्णतेने एंझाइम निष्क्रिय होते.

कुस्करलेले फळ पुरणयंत्रातून काढून दह्यात रवीने घुसळले, तरी पेय एकजीव होते. विद्युत् मिश्रक अमेरिकेत १९२० नंतर तयार झाला. मराठी मध्यमवर्गीय घरांत तो १९७० च्या पुढे-मागे येऊ लागला. यंत्राने श्रम वाचले, पण फार वेळ फिरविल्यास दही पातळ होते व फळातील क जीवनसत्त्वाचा हवेशी संयोग होऊन ते घटते, हे ध्यानात ठेवावे.

गायीचे दही २०० ग्रॅम व केळ्याचा गर १०० ग्रॅम एवढ्या मिश्रणातून सु. २३५ किलोकॅलरी, सात ग्रॅमांहून थोडे अधिक प्रथिन व सु. ३०० मिग्रॅ. कॅल्शियम मिळते. एका संत्र्याची भर घातल्यास क जीवनसत्त्वाची उणीव बरीच भरून निघते. ज्यांना दुधातील शर्करा पचत नाही त्यांना दही सोसते, कारण विरजणातील जंतू त्या शर्करेचा काही भाग आधीच वापरून टाकतात. लोह मात्र या पेयात अत्यल्प असते. म्हणून वाढत्या मुलांना व गरोदर स्त्रियांना केवळ यावर ठेवता येत नाही. पालेभाजी, डाळ व कडधान्य लागतेच. एक वर्षाखालील मुलांच्या पेयात मध घालू नये. मधुमेही व्यक्तींनी पिकलेल्या केळ्याऐवजी पेरू किंवा थोडे संत्रे घ्यावे आणि गूळ टाळावा. विदर्भात संत्र्याचे दोन बहर येतात : आंबिया बहराची फळे पावसाळ्याच्या अखेरीपासून, तर मृगाची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मिळतात. कडक उन्हाळ्यात, जेव्हा अशा पेयाची गरज सर्वांत अधिक असते, तेव्हा मात्र संत्रे जवळजवळ संपलेले असते व गायीही आटलेल्या असतात. तेव्हा घरोघरी होते ते कैरीचे पन्हे.