अमेरिकेचा पिकअप ट्रक मोठा कसा झाला आणि मालकाच्या हातून कसा सुटला?

१/
१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने एक नवे वाहन जाहीर केले. नाव लांबलचक होते : 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी'. किंमत २८१ डॉलर. पुढे दोघांना बसायची जागा, मागे पोलादी हौदा आणि त्याला उघडता येणारा फाळका. फोर्डच्या कारखान्यातून हौद्यासह तयार होऊन बाहेर पडलेला हा पहिला पिकअप.
पुढच्या शंभर वर्षांत या वाहनाचा आकार, किंमत आणि स्वभाव हे तिन्ही बदलले. ज्या ट्रकचा प्रत्येक नट मालकाच्या ओळखीचा होता, तो मालकालाच अनोळखी कसा झाला, याचा हा इतिहास. #थ्रेड

२/
महाराष्ट्रात 'पिकअप' म्हटले की भाजीचे क्रेट घेऊन पहाटे बाजार समितीकडे निघालेली छोटी मालगाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील 'फुल-साइज पिकअप' हा वेगळाच प्रकार आहे. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो, राम १५०० ही त्यातली ठळक नावे. चार दारांची केबिन असलेला असा ट्रक सुमारे १९ फूट लांब असतो. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून चार दशकांहून अधिक काळ त्या देशातील सर्वाधिक खपाची ट्रकमालिका राहिली आहे. शेतावर राबणाऱ्यांइतकेच शहरात कार्यालयात जाणारे लोकही तो घेतात.

३/
पण पिकअपचा शोध कारखान्यात लागला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. १९०८ मध्ये मॉडेल टी बाजारात आली आणि ग्रामीण अमेरिकेत झपाट्याने पसरली. शेतकऱ्याला दूध, धान्य, कोंबड्या, चारा असे सगळेच वाहून न्यायचे होते. त्याने गाडीचा मागचा भाग काढला आणि तिथे लाकडी पेटी ठोकली. लवकरच अशा पेट्या तयार करून विकणारे छोटे व्यावसायिकही उभे राहिले. फोर्डने १९२५ मध्ये जे विकायला काढले, ते लोक आपापल्या अंगणात कित्येक वर्षे करतच होते. कारखान्याने या लोकांच्या कल्पनेला फक्त पोलादी रूप दिले.

४/
मॉडेल टीची मालकी म्हणजे रोजची मेहनत होती. इंजिनात तेल किती आहे हे पाहायला काटा नव्हता. मालकाने गाडीखाली सरकायचे आणि तिथल्या दोन छोट्या तोट्या तपासायच्या. तेलाची पातळी त्या दोन्हींच्या मधोमध हवी. इंजिन सुरू करायला पुढचा दांडा हाताने फिरवावा लागे. ठिणगीची वेळ चुकली तर दांडा उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून दांडा धरताना अंगठा वळवून मूठ आवळायची नाही, हा धडा प्रत्येकाला गिरवावा लागे. विजेवर चालणारा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला, तोही जादा पैसे मोजून.

५/
पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि इंधन केवळ उतारामुळे इंजिनाकडे वाहत असे. टाकीत पेट्रोल कमी असेल आणि चढ तीव्र असेल तर पुरवठाच थांबे. अशा वेळी चालक गाडी वळवून रिव्हर्स गिअरमध्ये चढ चढत. गिअरपेटीतले पट्टे झिजत, ते घट्ट करणे आणि बदलणे हे मालकाचेच काम. कंपनीने गाडीसोबत दिलेली माहितीपुस्तिका प्रश्नोत्तरांच्या रूपात होती : अमुक बिघडले तर काय करावे? उत्तरात मालकाला थेट कृती सांगितलेली असे. दुरुस्ती मालक स्वतः करणार, हे पुस्तिकेने गृहीतच धरले होते.

६/
काही शेतकऱ्यांनी तर मागचे चाक उचलून त्याला पट्टा जोडला आणि त्यावर लाकूड कापायची करवत, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचे यंत्र चालवले. वीज न पोहोचलेल्या गावात ही गाडी म्हणजे चाकांवरचे इंजिनघर होते. तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांना हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, ते यासाठीच. यंत्राचा उपयोग काय, हे तिथे केवळ निर्मात्याने ठरवले नाही, तर वापरणाऱ्यानेही ठरवले. मालकी या शब्दाचा तेव्हाचा अर्थ एवढा व्यापक होता.

७/
दुसऱ्या महायुद्धानंतर जानेवारी १९४८ मध्ये फोर्डने एफ-मालिका आणली. हलका एफ-१ ते अवजड एफ-८ अशी तिची आठ रूपे होती. त्यापूर्वीचे बहुतेक पिकअप मोटारगाडीच्या बांध्यावर बेतलेले असत. आता ट्रकसाठी स्वतंत्र बांधणी सुरू झाली. एफ-१ हा 'अर्ध्या टनाचा' ट्रक. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणून अर्धा टन म्हणजे १,००० पौंड, सुमारे ४५० किलो माल. ही संज्ञा आजही वापरात आहे, जरी आजचे 'अर्ध्या टनाचे' ट्रक याहून कितीतरी अधिक ओझे वाहतात.

८/
या पिढीचे ट्रक सांभाळायला सोपे होते. बॉनेटखाली भरपूर मोकळी जागा असे. फोर्डचे ३०० घनइंची सहा सिलिंडरचे सरळ इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत चालले. त्यात टायमिंगसाठी बेल्ट किंवा साखळी नव्हती, थेट दातेरी चाके होती. त्यामुळे तुटण्याजोगे भाग कमी. ठरावीक अंतरानंतर सांध्यांना ग्रीस द्यायचे, पॉइंट घासून साफ करायचे, प्लग बदलायचे, कार्ब्युरेटर जुळवायचा. पान्यांचा एक संच, ग्रीसची पिचकारी आणि शेजाऱ्याचा सल्ला एवढ्यावर बरेच भागत असे.

९/
इथवर ट्रकचे रूप ठरवले ते शेताने आणि रस्त्याने. १९६० च्या दशकात मात्र त्यात एक अनपेक्षित घटक शिरला : कोंबडी!
अमेरिकेतील औद्योगिक कुक्कुटपालनामुळे तिथले कोंबडीचे मांस अतिशय स्वस्त झाले होते आणि पश्चिम जर्मनीत धडाक्याने विकले जात होते. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी त्यावरील आयातकर वाढवला. अमेरिकेची निर्यात घसरली. वाटाघाटी फसल्या. या भांडणाला वृत्तपत्रांनी 'चिकन वॉर' असे नाव दिले.

१०/
४ डिसेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रत्युत्तराचा आदेश काढला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के आयातकर. ट्रकच्या बाबतीत रोख फोक्सवॅगनच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर होता. पण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांनुसार हा कर एकट्या जर्मनीवर लावता येत नव्हता. तो सर्वच देशांच्या ट्रकना लागू झाला. पुढे इतर वस्तूंवरील वाढीव कर मागे घेतले गेले. हलक्या ट्रकवरचा मात्र टिकला. कोंबडीचे भांडण विस्मरणात गेले, त्याची भिंत उभीच राहिली.

११/
जपानी कंपन्यांनी या भिंतीत फट शोधली. पूर्ण ट्रकऐवजी केबिन आणि सांगाडा पाठवायचा, त्यावर अवघा ४ टक्के कर भरायचा आणि हौदा अमेरिकेत बसवायचा. ही वाट १९८० मध्ये बंद झाली. सुबारूने तर 'ब्रॅट' या गाडीच्या हौद्यात दोन आसने बसवली, म्हणजे कागदोपत्री ती मालवाहू न राहता प्रवासी ठरली!
परदेशी बनावटीचा छोटा, स्वस्त ट्रक आणणे असे अवघड होत गेले आणि मोठ्या ट्रकच्या बाजारात देशी कंपन्यांना बाहेरच्या स्पर्धेची फारशी भीती उरली नाही.

१२/
दुसरा घटक म्हणजे एक आकडा : ६,००० पौंड, सुमारे २,७०० किलो. हे ट्रकचे रिकामे वजन नव्हे, तर माल आणि माणसांसह त्याला मुभा असलेले कमाल एकूण वजन.
१९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७५ च्या नव्या गाड्यांना धुराची कठोर मर्यादा आली. ती पाळण्यासाठी बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला आणि शिसेविरहित पेट्रोल आवश्यक ठरले. हलक्या ट्रकसाठीची सीमारेषा होती ६,००० पौंडांची. फोर्डने त्याच वर्षी एफ-१०० च्या वर एक नवे रूप आणले. त्याचे कमाल वजन या रेषेच्या किंचित पुढे ठेवले होते. त्याचे नाव एफ-१५०. अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध ट्रकचा जन्म असा नियमाच्या उंबरठ्याबाहेर झाला.

१३/
१९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा झाला. त्यात मोटारी आणि हलके ट्रक यांना वेगळे मापदंड मिळाले. ट्रक हे शेतकऱ्याचे आणि कारागिराचे साधन, त्याच्यावर कडक बंधन नको, हा त्यामागचा हेतू. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींना एका गॅलनमध्ये सरासरी २७.५ मैलांची अट होती, तर हलक्या ट्रकना २०.७ मैलांची. आणि ८,५०० पौंडांच्या वरचे ट्रक तर या हिशेबाबाहेरच होते. २०११ च्या मॉडेलांपासून चारही चाकांमधील क्षेत्रफळावर लक्ष्य ठरू लागले. क्षेत्रफळ मोठे, तर लक्ष्य सौम्य.

१४/
करकायद्यातही तोच आकडा पुन्हा दिसतो. महागड्या मोटारी व्यवसायाच्या खर्चात दाखवून कर वाचवण्याला १९८४ मध्ये आळा घातला गेला. ६,००० पौंडांवरील ट्रक मात्र त्यातून वगळले, कारण ते कष्टकऱ्यांचे वाहन समजले जाई. पुढे २००४ मध्ये मोठ्या एसयूव्हींवर २५,००० डॉलरची वेगळी मर्यादा आली. किमान सहा फुटी हौद्याचा ट्रक त्यातूनही सुटला. शेतकऱ्यासाठी ठेवलेल्या दारातून वकील आणि जमिनीचे दलालही आत आले.

१५/
सगळा दोष कायद्यांवर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बराच काळ पेट्रोल स्वस्त होते, जाहिरातींनी ट्रकला मर्दानी रुबाबाचे प्रतीक बनवले, आणि एकाच वाहनात कुटुंब व माल दोन्ही मावावेत अशी अनेकांची खरी गरज होती. पण परिणाम नजरेत भरतो. एके काळी दोन दारे आणि आठ फुटी हौदा हे नेहमीचे रूप होते. आज चार दारे आणि साडेपाच फुटी हौदा सर्रास दिसतो. माणसांची जागा वाढली, मालाची घटली.

१६/
बॉनेटखालीही असेच स्थित्यंतर झाले. धूर कमी करायचा तर इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी मोजावे लागते, आणि ते काम कार्ब्युरेटरच्या स्क्रूला जमत नाही. म्हणून संवेदक आले, संगणक आला. १९९६ पासून प्रत्येक मोटारीत आणि हलक्या ट्रकमध्ये बिघाडाचे संकेत वाचण्यासाठी एकसारखे जोडस्थान सक्तीचे झाले. १९९० च्या कायद्याने धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र मेकॅनिकलाही देणे बंधनकारक केले होते. म्हणजे ज्या कायद्याने संगणक आणला, त्यानेच त्याची एक खिडकी मालकासाठी उघडी ठेवली.

१७/
मात्र खिडकी म्हणजे दरवाजा नव्हे. २०१५ च्या एफ-१५० चे बाह्यांग ॲल्युमिनियमचे झाले. वजन घटले, पण दुरुस्तीची रीत बदलली. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले तर ते कुरतडले जाते, म्हणून हत्यारे वेगळी आणि जागाही वेगळी लागते. वेल्डिंगच्या जागी रिव्हेट आणि चिकट द्रव्ये आली. काही सुटे भाग बसवल्यावर ते संगणकाला 'ओळखून' द्यावे लागतात. आणि गाडीची माहिती आता बिनतारी मार्गाने थेट निर्मात्याकडे जाऊ शकते, मालकाच्या अंगणाला वळसा घालून.

१८/
याविरुद्धचा आवाज मॅसॅच्युसेट्स राज्यात मतपेटीपर्यंत पोहोचला. २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या प्रस्तावाला तिथे सुमारे ८६ टक्के मते मिळाली. २०२० मध्ये बिनतारी माहितीही मालकाला आणि त्याने निवडलेल्या मेकॅनिकला मिळावी, या प्रस्तावाला सुमारे ७५ टक्के. वाहननिर्मात्यांच्या संघटनेने दुसऱ्या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. दूरून गाडीत शिरण्याची सोय दिली तर ती चोरालाही मिळेल, हा त्यांचा मुद्दा होता. तो अगदीच पोकळ नव्हता.

१९/
जुने दिवस सोन्याचे होते, असा याचा अर्थ नाही. मॉडेल टीचा मालक दुरुस्ती शिकला, कारण गाडी सतत बिघडायची. आजचा ट्रक अधिक सुरक्षित आहे, त्याच्या धुरात शिसे नाही, आणि तो आजोबांच्या ट्रकपेक्षा जास्त काळ बिनतक्रार चालतो. यातला जवळजवळ प्रत्येक नियम चांगल्या हेतूने झाला. पण प्रत्येक नियमाने एक रेषा आखली आणि ट्रक त्या रेषेच्या सोयीच्या बाजूला सरकत गेला. दर सरकण्यासोबत एकेक निर्णय मालकाच्या अंगणातून दुसरीकडे गेला. आकार धोरणाकडे, दुरुस्ती संगणकाकडे.

२०/
१९२५ पूर्वीच्या त्या अनाम शेतकऱ्याने करवत उचलली आणि गाडीचा मागचा भाग कापून काढला, तेव्हा त्याने कोणाची परवानगी विचारली नव्हती. वस्तू त्याची होती, म्हणून ती बदलण्याचा हक्कही त्याचाच होता. पिकअप जन्मला तो त्या हक्कातून. मॅसॅच्युसेट्सचे मतदार शंभर वर्षांनी जे मागत होते ते नवे काही नव्हते. गाडीखाली सरकून त्या दोन तोट्या स्वतः तपासण्याचा अधिकारच ते परत मागत होते.
(समाप्त)