महामार्ग बंद व्हायला बहात्तर तास

ऑगस्ट 2019चा पूर. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतला हा ओतकामाचा कारखाना नमुन्यादाखल घेतला आहे. नदी, रस्ता आणि कामांचे वेळापत्रक मांडणाऱ्या मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टच्या तऱ्हा मात्र खऱ्या.

72 तास आधी : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आहे. ऑफिसात पुण्याच्या ऑर्डरची प्रोजेक्ट फाइल उघडते : कोअर, मोल्डिंग, ओतकाम, फेटलिंग, डिस्पॅच. 2010च्या आवृत्तीपासून या सॉफ्टवेअरमध्ये नवे काम ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ धरले जाते. इथेही तेच राहिले. कामे एकमेकांना जोडलेली, पण तारखा हाताने टाकलेल्या.

48 तास : चिखली, आंबेवाडीला पाण्याचा वेढा, तिकडची पोरं कामावर नाहीत. सुपरवायझर कोअरचे काम दीड दिवसाने वाढवतो. कोअरची पट्टी लांबते, मोल्डिंगची जागची हलत नाही. तारखेखाली तांबडी नागमोडी रेघ तेवढी उमटते. ‘ऑटो शेड्यूल्ड’ असते तर डिस्पॅचपर्यंतची साखळी सरकली असती. गाडीला उशीर होणार हे आजच कळले असते, आणि तयार नग तरी रातोरात पुण्याला धाडता आले असते.

30 तास : “डिस्पॅच कधी?”
“फाइलमधी उद्या रात्रीच हाय, साहेब.”

20 तास : नदी 43 फुटांच्या धोका पातळीच्याही वर. कुणीतरी सगळी कामे ‘ऑटो’वर टाकतो. डिस्पॅच एकदम पुढे पळते. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख चुकताना बघवत नाही, म्हणून त्यावर ‘मस्ट फिनिश ऑन’ (याच तारखेला संपलेच पाहिजे) लावले जाते आणि पट्टी परत जागेवर येते. दीड दिवसाची तूट आता ‘टोटल स्लॅक’च्या (हाताशी उरलेल्या वेळेच्या) रकान्यात, उणे चिन्हासह. तो रकाना पडद्यावर नाही. माझ्या मते खरा घात इथे झाला. तीच तारीख ‘डेडलाइन’ म्हणून लिहिली असती, तर काम सरकले असते आणि शेजारी तांबडी खूणही दिसली असती.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात, हुकमाची वाट बघत नाहीत. या फाइलला मात्र दाब पोचूच दिला नाही.

6 तास : भट्टी थंड. ओतलेले नग फेटलिंगविना पडून.

शून्य : शिरोलीजवळ महामार्गावर पाणी. पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद.

पुढे पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. नवी फाइल करताना ‘मस्ट फिनिश ऑन’ टाळायला हवे, गिऱ्हाइकाची तारीख ‘डेडलाइन’मध्ये लिहायला हवी, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी बंधाऱ्याची पातळी बघूनच डिस्पॅचची पट्टी वाचायला हवी.