शाखाधिकाऱ्यांची नवी शाळा

माझी उमेदीची वर्षं बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात शिकवण्यात गेली. त्यातला 1992 ते 1995 हा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. अभ्यासक्रम तेव्हा मुळापासून घडवावा लागला.

तोवर प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः परिपत्रकांची उजळणी. व्याजदर वरून येई, प्राधान्य क्षेत्राचं 40 टक्क्यांचं उद्दिष्टही वरूनच. शिकवणाऱ्या संस्थांची वानवा नव्हती: मुंबईत रिझर्व्ह बँकेचं बँकर्स ट्रेनिंग कॉलेज 1954 पासून, आणि 1969 मध्ये स्थापन झालेली एनआयबीएम (राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था) पुण्यात. पण नोव्हेंबर 1991 मध्ये बँकिंग सुधारणांवरचा नरसिंहम समितीचा अहवाल आला आणि एप्रिल 1992 मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे निकष लागू केले. पूर्वी बहुतेक कर्जखात्यांवर व्याज नावे टाकलं की ते उत्पन्न धरलं जाई, पैसा येवो न येवो. आता थकलेल्या खात्यावरचं व्याज हाती पडल्याशिवाय नफ्यात घेता येईना. मार्च 1993 साठी चार तिमाह्या थकलेलं खातं अनुत्पादक, पुढच्या वर्षी तीन, 1995 पासून दोन.

हे कोष्टक शिकवायला एक तास पुरे. वर्षानुवर्षं हुकूम पाळलेल्या माणसाला स्वतःचा निर्णय घ्यायची सवय कशी लावायची, हा खरा पेच होता. छापील उदाहरणं सोडवताना सगळेच हुशार. म्हणून आम्ही सांगू लागलो, येताना आपल्याच शाखेच्या थकीत खात्यांचे उतारे आणा, कर्जदाराचं नाव झाकून.

यंत्रमागाच्या गावातल्या एका शाखाधिकाऱ्याने कॅश क्रेडिटचा उतारा आणला होता. शेजारच्याने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, ह्यात पार्टीचा एक रुपया जमा नाही. लिमिट वाढवलंय आणि त्यातूनच व्याज वसूल दाखवलंय." गृहस्थ बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग स्वतःच पेन्सिल घेऊन नव्या निकषांप्रमाणे 10 टक्के तरतूद मांडली. "शाखेचा नफाच गेला की हो!"

ही भीती खरी होती. नफा घटला की जाब त्यांनाच द्यावा लागणार. म्हणून विभागीय अधिकाऱ्यांनीही त्याच बाकांवर, तेच उतारे घेऊन बसायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्यासाठी बहुधा एखाद्या दिवसाचं व्याख्यान ठेवलं जाई. परत गेलेला शाखाधिकारी मग एकटा पडे.

ऑक्टोबर 1994 मध्ये 2 लाखांवरच्या कर्जांचे दर मोकळे झाले. मग आम्ही जोड्या लावल्या: एकाने कर्जदार व्हायचं, दुसऱ्याने दर ठरवून तो का, हे सांगायचं. पहिल्या फेरीत बहुतेक जण हटकून विचारत, "सर, परिपत्रकात किती आहे?" तिसऱ्या फेरीपर्यंत तेच लोक तारण, धंद्याची उलाढाल आणि परतफेडीचा इतिहास यांवर तावातावाने भांडत असत.