कादराबादेत शेरखान

चपला दाराबाहेर काढा, पण ढिगाच्या कडेला. मधोमध टाकल्यात तर निघताना शोधत बसाल. १९९३ सालातली रविवार सकाळ आहे. जालन्याच्या कादराबादेतल्या या खोलीत टीव्ही एकच आणि पोरं अख्ख्या गल्लीची. फरशीवर मांडी घाला. जागा नाही? मग गुडघे छातीशी घ्या. डावीकडच्या डोक्यावर आत्ताच चोपडलेलं खोबरेल घमघमतंय. उजवीकडचा मोसंबी सोलतोय आणि सालीचा फवारा थेट तुमच्या डोळ्यात. आत स्वयंपाकघरात फोडणी पडली. मिरचीच्या ठसक्यानं सगळी खोली खोकते आहे.

पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आलं का?" गच्चीवरून हाक.

"नाही! अजून फिरव!"

"आता?"

"आलं, आलं! दादा, हात काढू नको!"

दादा बिचारा उन्हात अँटेना धरून उभा, आणि खाली 'जंगल बुक'चं शीर्षकगीत सुरू. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची, गळा अमोल सहदेव नावाच्या मुलाचा. तुम्हीही गा, सगळेच ओरडतायत. ते कुणा मोठ्या गवयाकडं दिलं असतं तर पोरांनी नुसतं ऐकलं असतं. पोराच्या तोंडी दिलं म्हणून ती गातायत.

मग मोगली झाडावरून झेपावतो. चित्रं जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनची. तिकडं या पोराचा आवाज उरारा ताकानो या बाईंनी काढला होता, पण इथं कुणाला त्याचं काय! इथं मोगली हिंदी बोलतो आणि तो याच गल्लीतला आहे.

एवढ्यात गवत हलतं. वाघ. शेरखान. पहिलं वाक्य निम्मंही होत नाही तोच दारात तांदूळ निवडणारी आजी मान वर करते. "अगं बाई, हा तर आपला नाना!"

नाना पाटेकरच. क्षणभर डोळे मिटा आणि डबिंगच्या बंद खोलीत उभे राहा. पंख्याची घरघर माइक पकडतो, म्हणून पंखा बंद. पाठीवरून घामाचा ओघळ. कानात मूळ वाक्य संपतं, पण पडद्यावरचा जबडा अजून हलतोय. तेवढ्या फटीत हिंदी शब्द बसवायचा, श्वाससुद्धा वाघाचा घ्यायचा. नानाची रोखलेली नजर नाही, नाचणारं बोट नाही. सगळी हत्यारं काढून घेतली, उरला फक्त गळा. मला तर त्याचं हे काम पडद्यावरच्या कित्येक भूमिकांहून मोठं वाटतं. चेहरा न दाखवता त्यानं कादराबादेतल्या आजीला तांदूळ विसरायला लावले.

डोळे उघडा. अंधार? नाही, टीव्ही विझलाय. लाईट गेली! एकच कल्ला, मग धक्काबुक्की, चपलांची शोधाशोध, आणि तुम्ही गल्लीत फेकले जाता. डांबर तापलंय. एकानं बाभळीच्या वाकड्या फांदीचं मोगलीसारखं बूमरँग केलंय. फेकलं की परत येत नाही, शेजाऱ्यांच्या अंगणात पडतं. मोगली व्हायला चड्डीवर धावणारा एक जण तयार आहे. बल्लू अस्वल, बघीरा बिबट्या पटापट ठरले. शेरखानासाठी मात्र भांडण, चौघांना तोच पाहिजे.

"थांबा! आवाज काढून दाखवा. ज्याचा खरा, तो शेरखान."

पहिल्याचा घसा बसला, दुसऱ्याला हसू आवरेना. आता सगळे तुमच्याकडं बघतायत. खाकरून घ्या, तुमची पाळी आली.