उदगीरचा विजेता आणि त्याची चोरलेली ओळख

१/१२
१७७६ साली कोकणात एक मनुष्य फौजा घेऊन फिरत होता आणि सांगत होता, ‘मी सदाशिवरावभाऊ.’ भाऊसाहेबांना पानिपतावर पडून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. तरीही हजारो लोक त्याच्यामागे गेले. ओळख चोरण्याचा गुन्हा संगणकाबरोबर जन्माला आला असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आजचा हा धागा.

२/१२
आरंभ मराठवाड्यातून करावा लागतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे भाऊंनी निजामाच्या सैन्याला नमविले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने या मोहिमेत मोठी कामगिरी बजावली. तहात सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मराठ्यांकडे आला. तिशीतल्या भाऊंचे नाव हिंदुस्थानभर दुमदुमले. तोतया नेहमी मोठेच नाव निवडतो. लहान नावाला बाजारात किंमत नसते.

३/१२
उदगीरच्या काही महिने आधीची एक घटना ध्यानात ठेवा. १७५९ मध्ये पुण्यात मुजफ्फरखान गारदी याने भाऊंवर कट्यारीचा वार केला. मुजफ्फरखान पेशव्यांच्याच चाकरीतला होता. घाव घरातून आला. भाऊ वाचले, पण पाठीवर व्रण राहिला. हा व्रण या कथेत पुन्हा भेटणार आहे.

४/१२
१४ जानेवारी १७६१, पानिपत. युद्धानंतर प्रेतांच्या राशींत भाऊंचा शोध सुरू झाला. एक शिरविरहित देह सापडला. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने लिहून ठेवले आहे की, तो देह अंगावरील खुणांवरून ओळखला गेला. त्या खुणांत मुजफ्फरखानाच्या वाराचा व्रणही होता. चेहरा नसताना शरीराने दिलेली ती साक्ष होती. आज आपण बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे यंत्राला दाखवतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

५/१२
पण पुरावा असणे वेगळे आणि तो मनाला पटणे वेगळे. पानिपत पुण्यापासून शेकडो कोस दूर. बातम्या तुटक आणि परस्परविरोधी. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या आणि तेथून परतल्या होत्या. पती गेल्याचे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. त्या सौभाग्यवतीच राहिल्या. हजारो घरांतली माणसे पानिपतावरून परतली नव्हती. सारा महाराष्ट्रच कुणाची ना कुणाची वाट पाहत होता.

६/१२
या वाट पाहण्यातच तोतयाला जागा मिळाली. हा मूळचा कनोजी ब्राह्मण. सुखलाल, सुखनिधान अशा नावांनी तो ओळखला जातो. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. प्रकरण येथे संपायला हवे होते.

७/१२
ते संपले नाही, कारण काळ बदलला. १७७२ मध्ये माधवराव वारले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. १७७६ मध्ये सवाई माधवराव अवघे दोन वर्षांचे होते. कारभार बारभाईंकडे, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला. गादीवर कर्ता पुरुष नसल्याची सल लोकांच्या मनात असताना ‘भाऊ परत आले’ ही वार्ता गोड न वाटती तरच नवल.

८/१२
तोतया तेव्हा रत्नागिरीच्या किल्ल्यात बंदिवान होता. तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला मोकळे केले आणि त्याचा पक्ष घेतला. हेतू काहीही असो, तुरुंगाची किल्ली ही त्याची खासगी वस्तू नव्हती. ती दौलतीने विश्वासाने सोपवलेली ठेव होती. एक भिंत न पाडता, एक तोफ न डागता सर्वांत मोठी खिंड पडली ती या एका माणसाच्या निर्णयाने.

९/१२
मग बंड पसरले. कोकणातील किल्ल्यामागून किल्ला तोतयाकडे गेला. पहिल्याने मानले म्हणून दुसऱ्याने मानले, दुसऱ्याने मानले म्हणून तिसऱ्याने. प्रत्येकाला वाटले, पडताळा आधीच्याने केलाच असेल. प्रत्यक्षात तो कुणीच केला नव्हता.

१०/१२
अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांच्या फौजांनी बंड मोडले. तोतया समुद्रमार्गे पळाला आणि राघोजी आंग्र्यांच्या हाती लागला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला. या प्रसंगावर पुढे न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले.

११/१२
गंमत पाहा. त्या काळी कागदाच्या खरेपणाची व्यवस्था पक्की होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब, म्हणजे त्यापुढे कुणी ओळ घुसडू नये. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो. पत्राला मोर्तब होते, माणसाला नव्हते. माणसाची ओळख शेवटी दुसऱ्या माणसाच्या शब्दावरच टिकत असे.

१२/१२
आज फोनवर नातवाच्या आवाजात कुणी पैसे मागतो, साहेबाच्या नावाने कुणी ओटीपी विचारतो. फसणाऱ्याला आपण पटकन मूर्ख म्हणतो. पण १७७६ चे लोक मूर्ख नव्हते, ते आसुसलेले होते. तोतया भाऊंसारखा किती दिसत होता यापेक्षा लोकांना भाऊ किती हवे होते, यावर त्याचे यश उभे होते. म्हणूनच जी बातमी आपल्याला फार हवीशी वाटते, तिचाच पडताळा आधी करावा. आणि ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत, त्यांनी तर नक्कीच.

पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. तोतया देहदंडाने मोकळा झाला, त्यांची प्रतीक्षा त्यानंतरही सात वर्षे चालली. उदगीरचा किल्ला पाहायला जाल तेव्हा त्या विजयाबरोबर या बाईंचीही आठवण काढा.