महाभारताचे संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

एकाच ग्रंथाच्या शंभर पोथ्या जपून ठेवण्यात काय हशील, असा प्रश्न संग्राहकांस वारंवार विचारण्यात येतो. डॉ. सुखटणकर (१८८७–१९४३) ह्यांनी सतरा वर्षांच्या परिश्रमाने ह्या प्रश्नास जे उत्तर दिले, त्याचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सुखटणकर केंब्रिज येथे गणित शिकले व पुढे बर्लिन येथे ल्यूडर्स ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ १९१९ साली केला होता. १९२३ साली उत्गीकरांनी विराटपर्व नमुन्यादाखल छापले, आणि १९२५ साली प्रधान संपादकाचा भार सुखटणकरांवर आला.

एकट्या आदिपर्वाच्या पूर्ण व अपूर्ण मिळून २३५ पोथ्यांची नोंद झाली. त्यांत देवनागरी १०७, बंगाली ३२, ग्रंथ लिपीतील ३१, तेलुगु २८, मल्याळम २६, नेपाळी ५ आणि शारदा लिपीतील अवघ्या ३. बहुमताने पाठ ठरवावयाचा तर देवनागरी प्रतींचा जय ठरलेलाच होता. परंतु सुखटणकरांनी पोथ्यांची संख्या न मोजता त्यांचे कूळ पाहिले. ब्यूलर ह्यांनी काश्मीराहून आणलेली भूर्जपत्रावरील शारदा पोथी आणि दूर केरळातील मल्याळम पोथी ह्यांनी एकमेकींचे उसने घेतले असण्याचा संभव अल्प. त्या जेथे एकमुखाने बोलतात, तेथे पाठ प्राचीन मानावा, हे त्यांचे सूत्र होय. संपादनासाठी प्रत्यक्ष उपयोगात आणलेल्या पोथ्या ६० होत्या.

ह्या सूत्राची खरी कसोटी श्रीगणेशाच्या कथेच्या वेळी लागली. व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहावे, ही आबालवृद्धांस प्रिय असलेली कथा. परंतु प्रमाणभूत पोथ्यांच्या साक्षीपुढे ती टिकेना. जेथे कोणतेही कार्य गणेशपूजनावाचून सुरू होत नाही, त्या पुण्यातच ती मूळ पाठातून काढून परिशिष्टात घालावी लागली. ती नष्ट मात्र केली नाही. वगळलेला मजकूर तळटिपांत अथवा परिशिष्टात नोंदविलेला आहे. संशयित शब्दांखाली नागमोडी रेघ व स्वतः केलेल्या दुरुस्तीस तारका, अशी खूण ठेवलेली आहे. वाचकास संपादकाचा निर्णय फिरविता यावा, एवढी सामग्री संपादकानेच त्याच्या हाती दिली.

आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज ह्यांच्याकडून आदिपर्वाची एक अतिप्राचीन पोथी उजेडात आली. छापलेला पाठ तिच्याशी ताडून पाहता सुखटणकरांच्या कित्येक दुरुस्त्यांस तिने पुष्टी दिली. पोथी हाती नसताना केलेले अनुमान पोथीनेच खरे करावे, ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र संपादकास कोणते मिळणार?

१९४२ साली त्यांचे आरण्यकपर्व पूर्ण झाले आणि २१ जानेवारी १९४३ रोजी ते निवर्तले. पुढे बेलवलकर व प. ल. वैद्य ह्यांनी ती धुरा वाहिली व १९६६ साली संहितेचे काम समाप्तीस गेले. प्रमुख गेला तरी कार्य खंडले नाही, कारण पद्धती व्यक्तीच्या मनात न राहता आदिपर्वाच्या प्रस्तावनेत लिहिलेली होती.

आमच्या संग्राहक बंधूंनी ह्यातून एवढेच घ्यावे: सुवाच्य, संपूर्ण व सचित्र पोथी शोभेची खरी, परंतु कसर लागलेली, आद्यंत तुटलेली प्रतही उद्या एखाद्या पाठाची एकमेव साक्षीदार ठरू शकेल. म्हणून ती कोणत्या गावाहून, कोणाच्या घरून व कोणत्या लिपीत मिळाली, हे वेष्टन बांधण्यापूर्वी लिहून ठेवावे. साक्षीदाराचा ठावठिकाणा हरवला, तर त्याची साक्षही अर्धी होते.